गोळ्या चालू आहेत? मग पोटातल्या बॅक्टेरियांनी बनवलेल्या व्हिटॅमिन्सचा हिशोब असा लावा

मेडिकलच्या काउंटरवर रोज ऐकू येणारं वाक्य म्हणजे "अँटीबायोटिक दिलंय ना, मग सोबत बी-कॉम्प्लेक्सचं पण एक पाकीट द्या". अँटीबायोटिकने पोटातले चांगले जंतू मरतात आणि ते जंतू आपल्यासाठी व्हिटॅमिन बनवतात हे लोकांनी कुठेतरी ऐकलेलं असतं, आणि ते खरंही आहे, पण पुढची काळजी चुकीच्या जागी जाते. पाच दिवसांच्या कोर्सची चिंता सगळे करतात आणि दहा वर्षं रोज दोन वेळा चालू असलेल्या शुगरच्या गोळीबद्दल कोणी काही विचारत नाही. मी फार्मासिस्ट आहे, घरातल्या मोठ्यांच्या गोळ्या सांभाळणारी मुलं-सुना-जावई रोज समोर येतात, त्यांच्यासाठी आणि ज्यांच्या स्वतःच्या गोळ्या नुकत्याच सुरू झाल्यात त्यांच्यासाठी हे सगळं एका जागी लिहितोय.

सुरुवातीलाच एक सांगतो, हे वाचून कुठलीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिटची गोळी, रक्त पातळ करायची गोळी, शुगरची गोळी अचानक बंद केली तर जे होतं ते व्हिटॅमिन कमी होण्यापेक्षा कितीतरी वाईट असतं. इथे जे काही आहे ते यादी करणं, तपासणी करून घेणं आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारणं एवढ्यासाठी आहे.

आधी थोडं समजून घेऊ

आपल्या मोठ्या आतड्यात प्रचंड संख्येने बॅक्टेरिया राहतात. आपण न पचवलेलं अन्न, मुख्यतः चोथा, ते खातात आणि त्यांच्या स्वतःच्या गरजेसाठी व्हिटॅमिन्स बनवतात, त्यातलं थोडंफार आपल्याला मिळतं. यात के-२ (व्हिटॅमिन के चं बॅक्टेरिया बनवतात ते रूप), बायोटिन, फोलेट, बी-२, बी-६, बी-१२ अशी बरीच नावं येतात. पण "बनतं" आणि "आपल्या रक्तात पोहोचतं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा गोंधळ इथेच होतो.

के चं बघा. १९२९ च्या सुमारास कोपनहेगनमध्ये हेन्रिक डॅम कोंबडीच्या पिल्लांना चरबी काढलेलं खाद्य देऊन प्रयोग करत होते, तेव्हा त्या पिल्लांना रक्तस्राव व्हायला लागला, त्यातून पुढे रक्त गोठायला लागणारं व्हिटॅमिन के सापडलं आणि १९४३ चं नोबेल डॅम आणि एडवर्ड डॉयझी यांना मिळालं. नंतर पूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांवर प्रयोग झाले, तर त्यांना खाद्यातून के दिलं नाही की रक्तस्राव व्हायचा आणि तेच खाद्य खाणारे साधे उंदीर ठीक राहायचे, म्हणजे साध्या उंदरांना पोटातले बॅक्टेरिया के पुरवत होते. माणसाच्या बाबतीतही बाळ जन्मल्याबरोबर मांडीत व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात, साधारण १ मिलिग्रॅम, कारण आईकडून नाळेवाटे के फार कमी येतं, आईच्या दुधात ते कमी असतं आणि बाळाच्या आतड्यात बॅक्टेरिया अजून रुजलेले नसतात. कोणी म्हणालं की हे इंजेक्शन कशाला, नैसर्गिक राहू दे, तर अजिबात ऐकू नका, त्या काही आठवड्यांत मेंदूत रक्तस्राव झालेली बाळं खरोखर असतात आणि ते एका इंजेक्शनने टळतं.

बायोटिन आणि फोलेट मोठ्या आतड्यातूनही थोडं शोषलं जातं, त्यामुळे बॅक्टेरियांचा वाटा तिथे आहे, पण मुख्य पुरवठा जेवणातूनच होतो.

आणि बी-१२? पृथ्वीवरचं सगळं बी-१२ बॅक्टेरिया (आणि त्यांचेच काही सूक्ष्म भाऊबंद) बनवतात, कुठलीही वनस्पती नाही, कुठलाही प्राणी नाही. आपल्या मोठ्या आतड्यातही ते बनतं. पण शोषलं जातं लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, जो त्याच्या आधी येतो. म्हणजे आपल्याला उतरायचं होतं कल्याणला आणि बॅग चढवली कर्जतला, गाडी पुढे निघून गेली, आता त्या बॅगेचा उपयोग नाही. गाई-म्हशींच्या पोटातले बॅक्टेरिया मात्र पचनाच्या सुरुवातीलाच काम करतात, म्हणून त्यांच्या अंगात बी-१२ जातं आणि दुधातून आपल्याकडे येतं. त्यामुळे "माझे गट (म्हणजे आतड्यातले) बॅक्टेरिया चांगले आहेत, मला बी-१२ ची गरज नाही" हा जो युक्तिवाद सध्या व्हिडिओंमध्ये चालतो तो पूर्ण चुकीचा आहे.

पायरी १: सगळ्या गोळ्या टेबलावर काढा

डबा, कपाट, पर्स, फ्रिज, उशीखाली जिथे असतील तिथून. ब्रँडचं नाव लिहून उपयोग नाही कारण एकाच औषधाची पन्नास नावं असतात, पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात ते उतरवून घ्या, उदाहरणार्थ मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम. शुगरच्या बऱ्याच गोळ्यांत दोन-तीन औषधं एकत्र असतात, म्हणून बाई म्हणतात "मी मेटफॉर्मिन नाही घेत" आणि त्यांच्या गोळीत ग्लिमेपिराइडसोबत मेटफॉर्मिन असतंच. समोर तीन गोष्टी लिहा: किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा आणि कधीपासून. "कधीपासून" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच लोक सोडतात.

जे लोकांना औषध वाटतच नाही तेही लिहा. ॲसिडिटीची गोळी, पोट साफ व्हायचं पातळ औषध (काहींमध्ये लिक्विड पॅराफिन असतं आणि ते रोज घेतलं तर ए, डी, ई, के ही चरबीत विरघळणारी व्हिटॅमिन्स त्याच्यासोबत निघून जातात), वजन कमी करायची ऑर्लिस्टॅट, केसांसाठीची बायोटिन, जिममधली पावडर, वैद्यांकडची चूर्णं, सगळं.

पायरी २: कुठलं औषध काय करतं ते ओळखा

तीन प्रकारे नुकसान होतं. काही औषधं बॅक्टेरियाच मारतात, काही व्हिटॅमिन आत शोषू देत नाहीत, काही शरीरात पोहोचलेल्या व्हिटॅमिनला काम करू देत नाहीत किंवा लवकर संपवतात. एकाच माणसाच्या डब्यात तिन्ही असू शकतात.

*अँटीबायोटिक.* निरोगी, नीट जेवणाऱ्या माणसाला पाच-सात दिवसांच्या कोर्सने व्हिटॅमिनची कमतरता होत नाही. माझं स्पष्ट मत आहे की त्या माणसाला सोबतच्या बी-कॉम्प्लेक्सची गरज नसते, ती आपल्याकडे पडलेली सवय आहे, आणि लघवी पिवळीधमक होण्यापलीकडे फार काही घडत नाही (ती बी-२ मुळे होते, घाबरू नका). धोका कधी वाढतो, तर बॅक्टेरियाही मेलेत आणि जेवणही बंद आहे अशा वेळी. दवाखान्यात ॲडमिट असलेले आजोबा, आठ-दहा दिवस सलाईनवर, तोंडाने काही जात नाही आणि वर जोरदार अँटीबायोटिक चालू, अशा माणसाचं के खाली जातं कारण के चा साठा शरीरात फार नसतो, काही दिवस ते काही आठवड्यांत संपतो. त्यात सेफोपेराझोन नावाचं इंजेक्शन असेल, जे आपल्याकडच्या दवाखान्यांत सल्बॅक्टमसोबत भरपूर वापरलं जातं, तर ते बॅक्टेरिया मारतंच, शिवाय त्याच्या रचनेतला एक भाग शरीरात के पुन्हा वापरात येण्याची जी साखळी असते तीच अडवतो. पेशंट वयस्कर, लिव्हर किंवा किडनीचा त्रास असलेला, आधीच अशक्त असेल तर नातेवाइकांनी राउंडला आलेल्या डॉक्टरांना विचारावं की "पीटी-आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती तपासणी) कधी केलंय? व्हिटॅमिन के द्यायची गरज आहे का?" त्यात उद्धटपणा काही नाही, चांगले डॉक्टर उलट लगेच फाइल बघतात.

सल्फाच्या गोळ्यांची, म्हणजे कोट्रायमोक्साझोल वगैरे, पद्धत वेगळी आहे. बॅक्टेरिया स्वतःसाठी फोलेट बनवतात तीच क्रिया या गोळ्या थांबवतात. आपण फोलेट बनवत नाही, जेवणातून घेतो, म्हणून औषध जंतूंना लागतं आणि आपण वाचतो. पण महिनोन्महिने घ्यायची वेळ आली आणि आधीच फोलेट कमी असेल तर रक्तावर परिणाम दिसू शकतो.

*रक्त पातळ करायची गोळी.* इथे जरा थांबून वाचा, कारण या लेखात जिवाला सगळ्यात जास्त धोका असलेली जागा हीच आहे. वॉर्फरिन किंवा आपल्याकडे जास्त चालणारी ॲसिनोकुमरॉल (चिठ्ठीवर कधी निकोमॅलोन लिहिलेलं असतं) ही गोळी व्हिटॅमिन के चं काम अडवूनच रक्त पातळ ठेवते. हृदयाची कृत्रिम झडप बसवलेल्या लोकांना ती आयुष्यभर असते. अशा माणसाला लघवीचं इन्फेक्शन झालं, दाढ दुखली, जुलाब झाले आणि कोणीतरी मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं की आयएनआर उडी मारू शकतो. एक तर ही औषधं लिव्हरमध्ये रक्त पातळ करायच्या गोळीचा निचरा कमी करतात, त्यात पोटातले के बनवणारे बॅक्टेरिया मरतात, त्यात आजारपणामुळे भाजी-भाकरी पोटात जात नाही. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. आयएनआर साधारण २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो (काही झडपांना थोडा जास्त), तो ६-७ वर गेला तर नाकातून, लघवीतून, मेंदूतही रक्तस्राव होऊ शकतो.

म्हणून नियम असा: ही गोळी चालू असेल तर दाताच्या डॉक्टरसकट प्रत्येक डॉक्टरला आणि प्रत्येक मेडिकलवाल्याला पहिलं वाक्य तेच सांगायचं, अँटीबायोटिक सुरू झालं की तीन ते पाच दिवसांत आयएनआर करायचा आणि कोर्स संपल्यावर पुन्हा एकदा करायचा, कारण तेव्हा तो उलट खाली येऊ शकतो. आणि स्वतःहून मेट्रोनिडाझोल आणून खाणं तर बिलकुल नाही, आपल्याकडे जुलाब झाले की लोक ती गोळी बिनधास्त मागतात, मी काउंटरवर आधी विचारतो की दुसरं काय चालू आहे.

ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा नवीन आलेल्या ॲपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान यांचा व्हिटॅमिन के शी संबंध नाही. त्यांनाही लोक "रक्त पातळ करायची गोळी"च म्हणतात, त्यामुळे नाव बघूनच ठरवा.

*मेटफॉर्मिन.* शुगरचं उत्तम, स्वस्त आणि जुनं औषध आहे, त्याच्याविरुद्ध माझं काहीही म्हणणं नाही. पण लहान आतड्याच्या ज्या टोकाला बी-१२ शोषलं जातं तिथे कॅल्शियमची मदत लागते आणि मेटफॉर्मिन त्यात अडथळा आणतं. डोस जितका जास्त आणि वर्षं जितकी जास्त तितका परिणाम जास्त. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ मध्ये डॉक्टरांना सूचना दिली की मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये बी-१२ कमी होणं हा आता कॉमन दुष्परिणाम धरा आणि लक्षणं असतील तर तपासा, ज्यांना धोका जास्त आहे त्यांची अधूनमधून तपासणी करत राहा.

धोका जास्त कोणाला? आपल्या घरातल्या शाकाहारी, साठी ओलांडलेल्या, दूधही फारसं न घेणाऱ्या लोकांना. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने पुणे परिसरातल्या गावांत आणि शहरात वर्षानुवर्षं काम केलंय आणि त्यातून दिसलं की आपल्याकडे बी-१२ कमी असणं हे अगदी सर्रास आहे, गरोदर बायकांमध्येसुद्धा. म्हणजे टाकी आधीच अर्धी रिकामी असताना मेटफॉर्मिन सुरू होतं. मिश्र आहार घेणाऱ्या माणसाच्या लिव्हरमध्ये बी-१२ चा काही वर्षांचा साठा असतो, म्हणून त्याला त्रास व्हायला चार-पाच वर्षं लागतात, आपल्या आजीला तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे पायाला मुंग्या येणं, तळपाय जळजळणं हे शुगरमुळेही होतं आणि बी-१२ कमी झाल्यामुळेही होतं. "शुगर आहे ना, मग होणारच" म्हणून वर्षानुवर्षं सोडून दिलं जातं. शुगरमुळे झालेलं नसांचं नुकसान भरून काढणं अवघड असतं, बी-१२ मुळे झालेलं वेळेत पकडलं तर सुधारतं, म्हणून मला याबद्दल इतकं तळमळीने लिहावंसं वाटतं.

*ॲसिडिटीच्या गोळ्या.* पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, राबेप्राझोल, सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या त्या. अन्नातलं बी-१२ प्रोटीनला चिकटलेलं असतं आणि ते सुटं करायला पोटातलं ॲसिड लागतं. ॲसिडच कमी केलं तर बी-१२ सुटत नाही. शिवाय ॲसिड कमी झालं की लहान आतड्यात नको तिथे बॅक्टेरिया वाढू शकतात आणि ते बी-१२ बनवण्यापेक्षा आपल्या वाट्याचं खाऊन टाकतात. २०१३ मध्ये अमेरिकेत मोठ्या संख्येने पेशंटच्या नोंदी तपासून झालेल्या अभ्यासात दोन किंवा जास्त वर्षं या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये बी-१२ ची कमतरता जास्त आढळली होती. मॅग्नेशियमही कमी होऊ शकतं, त्याबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच इशारा दिला होता.

आपल्याकडे ही गोळी पंधरा दिवसांसाठी लिहून दिलेली असते आणि पाच वर्षं चालू राहते, कोणी बंदच करायला सांगत नाही. काहींना ती खरोखर लागते, उदाहरणार्थ ॲस्पिरिन चालू असलेले आणि आधी अल्सर होऊन गेलेले. पण बाकीच्यांनी डॉक्टरांना विचारावं की "अजून गरज आहे का, कमी करत नेऊ का". अचानक बंद केली तर काही दिवस ॲसिड दुप्पट जोराने उसळतं आणि माणूस म्हणतो बघ, मला गोळी लागतेच, म्हणून हळूहळू कमी करायची असते.

मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीची गोळी दोन्ही एकाच डब्यात असतील, माणूस शाकाहारी असेल, तर मी पुढचं काही वाचायच्या आधी बी-१२ ची तपासणी करा म्हणेन.

*बाकीची.* फेनिटोइन, कार्बामाझेपिन, फिनोबार्बिटोन या फिटच्या जुन्या गोळ्यांनी फोलेट, बायोटिन आणि व्हिटॅमिन डी कमी होऊ शकतं, गरोदरपणात घेतल्या तर बाळाचं के सुद्धा, म्हणून प्रसूतीच्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड बी-६ ला निकामी करतं, त्यासाठी सोबत पायरिडॉक्सिनची छोटी गोळी देतात, ती "व्हिटॅमिनचीच तर आहे" म्हणून टाकून देऊ नका, तिच्याशिवाय हातपाय बधिर होऊ शकतात. संधिवाताची मेथोट्रेक्सेट फोलेटच्या विरोधात काम करते आणि म्हणून डॉक्टर सोबत फोलिक ॲसिड लिहितात. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, रोज घेतली तर जीव जाऊ शकतो, वार ठरवून पाकिटावर पेनाने लिहून ठेवा.

पायरी ३: अंगावर काही दिसतंय का बघा

के कमी: ब्रश करताना हिरड्यांतून रक्त, जरा लागलं तरी काळेनिळे डाग, नाकातून रक्त, शी डांबरासारखी काळी (लोहाच्या गोळीनेही काळी होते ते वेगळं). बी-१२ कमी: मुंग्या, चालताना तोल जाणं, अंधारात जास्त, जीभ लाल आणि गुळगुळीत, विसराळूपणा, चिडचिड, थकवा. फोलेट कमी: थकवा, तोंड येणं, रक्त कमी. बायोटिनची खरी कमतरता दुर्मिळ आहे, तोंडाभोवती पुरळ आणि केस विरळ होणं अशी दिसते, पण केस गळतात म्हणजे बायोटिन कमी हे समीकरण खरं नाही, आपल्याकडे बायकांचे केस गळण्यामागे लोह आणि थायरॉइड आधी बघावं.

पायरी ४: गोळी खायच्या आधी रक्त द्या

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. बी-१२ च्या चार गोळ्या किंवा एक इंजेक्शन घेतलं की रिपोर्ट लगेच छान येतो आणि मग आधी कमी होतं की नाही हे कधीच कळत नाही. बी-१२ साधारण २०० पिकोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली असेल तर कमी, २०० ते ३०० काठावर, आणि काठावर असेल तर होमोसिस्टीन किंवा एमएमए (बी-१२ कमी पडलं की वाढणारे पदार्थ मोजणाऱ्या तपासण्या) करून खात्री करता येते. रिपोर्टवरची रेंज लॅबप्रमाणे थोडी बदलते.

सीबीसी (रक्तपेशींची नेहमीची तपासणी) मध्ये एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, वाढलेला असेल तर बी-१२ किंवा फोलेट कमी असल्याचा इशारा असतो, पण आपल्याकडे सोबत लोहही कमी असतं, लोह कमी झालं की पेशी लहान होतात आणि बी-१२ कमी झालं की मोठ्या, दोन्ही मिळून एमसीव्ही नॉर्मल येतो आणि फसगत होते. म्हणून नुसत्या सीबीसी वर समाधान मानू नका. के साठी पीटी-आयएनआर बघतात.

केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या चालू असतील तर थायरॉइडची किंवा हार्टची रक्ततपासणी चुकीची येऊ शकते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल सावध केलं होतं. दिवसाची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास आणि गोळीत ५ ते १० हजार मायक्रोग्रॅम, म्हणून. निदान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबमध्ये सांगा.

पायरी ५: ताट बघा

के-१, म्हणजे व्हिटॅमिन के चं वनस्पतींतलं रूप, आपल्याला पालेभाजीतून भरपूर मिळतं, मेथी, पालक, चाकवत, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, एक वाटी शिजलेला पालकसुद्धा दिवसाच्या गरजेपेक्षा जास्त देतो, फक्त फोडणीला थोडं तेल हवं कारण ते चरबीसोबतच शोषलं जातं. रक्त पातळ करायची ती जुनी गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद करू नका, दर आठवड्याला साधारण सारखीच ठेवा. श्रावणात एकदम रोज पालेभाजी आणि नंतर महिनाभर काहीच नाही, असं केलं की आयएनआर वर-खाली नाचतो.

फोलेट मोडाच्या मटकीत, मुगात, चण्यात, पालेभाजीत आहे, खूप वेळ उकळून पाणी फेकून दिलं तर निघून जातं. फोलेटचा शोधच आपल्या मुंबईशी जोडलेला आहे: ल्युसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये इथे आल्या, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून त्यांनी गरोदर बायकांच्या, त्यात गिरणीत काम करणाऱ्याही होत्या, रक्ताल्पतेवर काम केलं आणि यीस्टचा अर्क दिला की बायका बऱ्या होतात हे १९३१ मध्ये छापलं. पुढे आंध्रातून अमेरिकेत गेलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या टीमने १९४० च्या दशकात फोलिक ॲसिड प्रयोगशाळेत बनवलं, आणि ज्या मेथोट्रेक्सेटबद्दल वर लिहिलं तिच्यामागेही त्यांचंच काम आहे. फोलेट देणारा आणि फोलेट अडवणारा, दोन्ही रस्ते एकाच माणसाने उघडले.

बी-१२ ची रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅम. पेलाभर दुधातून साधारण १ मायक्रोग्रॅम मिळतं, दही-ताक-पनीरमधूनही, दूध तासभर आटवत ठेवलं तर कमी होतं. अंडी, बांगडा, मटणाची कलेजी चांगली, आणि कोकण-गोव्याकडच्या तिसऱ्या तर बी-१२ चं भांडार आहेत. स्पिरुलिना, शेवाळाच्या गोळ्या, आंबवलेली इडली यांच्या भरवशावर राहू नका, स्पिरुलिनात जे असतं ते बरंचसं दिसायला बी-१२ सारखं पण शरीरात काम न करणारं असतं.

बॅक्टेरियांसाठी: ज्वारी-बाजरीची भाकरी, कडधान्यं, भाज्या, फळं, ताक. अँटीबायोटिकनंतर महाग प्रोबायोटिकच्या कॅप्सूल काहींना जुलाब टाळायला उपयोगी पडतात, पण त्यांनी व्हिटॅमिन भरून निघतं म्हणून घेत असाल तर पैसे वाया. केमो चालू असलेल्यांनी किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नयेत.

पायरी ६: गोळी लागलीच तर

बी-१२ तोंडाने घेतलं तरी चालतं, इंजेक्शनच हवं असं नाही. ५०० ते १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतला अगदी थोडा भाग, शंभरात एक, नेहमीचा रस्ता न वापरताही आतड्यातून झिरपतो आणि तेवढा पुरतो, म्हणून मेटफॉर्मिनवर असतानाही ती लागू पडते. नसांचा त्रास जास्त असेल, तोल जात असेल तर डॉक्टर इंजेक्शनने सुरू करतात आणि ते बरोबर आहे. सायनोकोबालामिन की मिथाइलकोबालामिन यावर वाद घालत बसू नका, दोन्हीने काम होतं, स्वस्त मिळेल ते घ्या. शुगरच्या काही गोळ्यांसोबत बी-१२ आधीच घातलेलं असतं, यादीत बघा, दुप्पट होतंय का.

बी-१२ तपासल्याशिवाय नुसतं फोलिक ॲसिड महिनोन्महिने खाऊ नका. हिमोग्लोबिन सुधारतं, रिपोर्ट चांगला दिसतो आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. (गरोदरपणात दिलेलं फोलिक ॲसिड वेगळं, ते घ्यायचंच.) फिटची फेनिटोइन चालू असताना फोलिक ॲसिडचा मोठा डोस स्वतःहून घेतला तर फेनिटोइनची रक्तातली पातळी खाली येऊन फिट येऊ शकते. हाडांसाठी म्हणून मिळणाऱ्या के-२ च्या गोळ्या वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमरॉलवाल्यांनी डॉक्टरांना न विचारता हातही लावू नये, झडपेवर गुठळी होऊ शकते.

मल्टिव्हिटॅमिनमध्ये कॅल्शियम, लोह, झिंक असतं, ते सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिनसोबत घेतलं तर अँटीबायोटिकच नीट शोषलं जात नाही, अँटीबायोटिक आधी घ्या आणि मल्टिव्हिटॅमिन त्यानंतर किमान दोन तासांनी. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास.

पायरी ७: डॉक्टरांसमोर काय बोलायचं

वेळ कमी असतो म्हणून यादी हातात द्या आणि एवढंच विचारा: यातली कुठली गोळी आता कमी किंवा बंद करता येईल? मेटफॉर्मिन इतकी वर्षं झाली, बी-१२ करू का? रक्त पातळ करायची गोळी आहे, या अँटीबायोटिकनंतर आयएनआर कधी करू? उत्तर यादीवरच लिहून घ्या, घरी येईपर्यंत अर्धं विसरलेलं असतं.

मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची गोळी लांब चालणार असेल तर बी-१२ साधारण वर्षातून एकदा डॉक्टरांच्या सल्ल्याने बघत राहा, एचबीए१सी (शुगरची तीन महिन्यांची सरासरी) च्या वेळीच सोबत रक्त दिलं की वेगळी सुई नको. नवीन गोळी सुरू झाली की त्याच दिवशी यादीत घाला, बंद झाली की तारीख टाकून खोडा, आणि यादीचा फोटो घरातल्या दोन जणांच्या मोबाइलमध्ये ठेवा.

थांबायचं नाही अशा वेळा: शी काळी किंवा लघवी लाल, नाकातलं रक्त दहा-पंधरा मिनिटं दाबूनही न थांबणं, रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार लागणं किंवा अचानक भयंकर डोकं दुखणं, पायातली ताकद जाणं. तेव्हा व्हॉट्सॲपवर रिपोर्ट पाठवून उत्तराची वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टीत न्या, आणि गोळ्यांची ती यादी सोबत घ्या.